‘फोरगॅदर’ : जमणे आणि एकत्र बसणे
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



यंदाच्या मेळाव्याची पत्रिका पुण्यास शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इंग्रजीतही काढली. तीत ‘फोरगॅदर’ असे क्रियापद योजिले आहे. शिरूरच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “गॅदर कळले, पण हे ‘फोर’ कशाला? आधी येऊन बसायचे की काय?” प्रश्न मार्मिक आहे, म्हणून आज त्या शब्दाविषयीच चार शब्द बोलतो.

हे ‘फोर’ म्हणजे ‘आधी’ नव्हे. हा शब्द स्कॉटलंडच्या बोलीतून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ डच भाषेत असावे, असे कोशकार मानतात. १७ व्या शतकात वेंगुर्ल्यास वखार घालणारे डच सभेला ‘फरखादरिंग’ म्हणत. तेच हे कूळ. अर्थ एवढाच, की एकत्र जमणे. ‘गॅदर’ आणि ‘टुगेदर’ ही त्याची भावंडे होत.

इंग्रजीत जमण्याचे दुसरे क्रियापद ‘काँग्रिगेट’. त्यातील लॅटिन ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. परंतु ‘सेग्रिगेट’, म्हणजे कळपातून वेगळे काढणे, हाही शब्द त्याच मुळाचा. जमणे आणि वगळणे एकाच घरात जन्मली, हे ध्यानी घ्यावे.

आपल्या भाषेतही गुरांची आठवण आहेच. ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक, आणि बैठकीत सांगितली जाते ती आपली ‘गोष्ट’. ‘गोत्र’ आणि ‘गोत’ हे शब्दही गाईंच्याच अंगणातले. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, तसेच सुतारादी बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी करीत. म्हणजे त्या काळचे ‘गोत’ एका जातीपुरते नव्हते! आपली सभा त्याहून संकुचित नसावी, एवढेच सुचवितो.

आता ‘परिषद’ पाहा. ‘परि’ म्हणजे सभोवार, ‘सद्’ म्हणजे बसणे. ज्या सभेत काही जण वर्तुळात बसतात आणि काही जण पाठीमागे उभे राहतात, ती परिषद कशी म्हणावी? आपल्या मेळाव्यास भगिनी दरवर्षी मोठ्या संख्येने येतात. पंगतीची व्यवस्था त्याच पाहतात. ठराव मात्र त्यांच्यावाचून होतात. त्या जमतात, परंतु सभेत बसत नाहीत.

शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांमध्ये भीमा वाहते. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा तिला मिळते; पुढे पाणी कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. दौंडास १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग जोडला गेला आणि ते जंक्शन झाले. ‘जंक्शन’ आणि आपल्या बैलाच्या मानेवरचे ‘जू’ यांचा धातू एकच. जू दोघांनी ओढले तरच नांगर चालतो. एकाच बैलाच्या मानेवर ते कितीही घट्ट बांधले, तरी तास सरळ पडत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : पुढील मेळाव्यापूर्वी कार्यकारी मंडळात निम्म्या जागा भगिनींना द्याव्यात आणि त्यांच्या सह्यांवाचून कोणताही ठराव पक्का मानू नये. तसे झाले, तर मुलांनी योजिलेला तो परका शब्द आपण खरा केला, असे होईल.