कमी खर्चात नाटक-गाणे : सनीव्हेलमधील ज्येष्ठांसाठी

सनीव्हेलच्या कम्युनिटी सेंटरच्या आवारात जेमतेम 200 आसनांचे एक नाट्यगृह आहे. 1969 मध्ये स्थापन झालेली ‘सनीव्हेल कम्युनिटी प्लेअर्स’ ही हौशी संस्था तिथे संगीत नाटके करते. मागच्या रांगेतूनही नटाचा चेहरा नीट दिसतो. त्यामुळे महागड्या तिकिटाचा सोस करण्याचे कारण उरत नाही. ज्येष्ठांना अशा ठिकाणी बहुधा सवलत मिळते, पण ती मागावी लागते. दुपारचा खेळ निवडला तर रात्रीची गाडी चालवणेही टळते.

उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी मर्फी अव्हेन्यूवर भाजीबाजारासोबत वाद्यवृंद रंगतो. तिकीट नसते. घडीची खुर्ची आणि स्वेटर मात्र घरूनच न्यावा, कारण ऊन उतरले की इथली हवा चटकन गारठते.

रेल्वे स्थानक या रस्त्याला लागूनच आहे. वयाची 65 वर्षे पूर्ण झालेल्यांना सीनियर क्लिपर कार्डावर कॅलट्रेनचे भाडे निम्मे पडते. पुढचेच स्थानक माउंटन व्ह्यू. तिथल्या कॅस्ट्रो स्ट्रीटवरच्या, 1991 पासूनच्या कलाकेंद्रात प्रेक्षकांना जागा दाखवणारे स्वयंसेवक लागतात. ते काम करणाऱ्यांना खेळ फुकट पाहता येतो. चोखंदळ पण हात राखून खर्च करणाऱ्या रसिकासाठी याहून चांगली सोय नाही.

मराठी नाटकासाठी बे एरियाच्या महाराष्ट्र मंडळावर लक्ष ठेवावे. सभासदांना तिकीट बहुधा स्वस्त पडते. वर्गणी भरण्यापूर्वी वर्षाचे कार्यक्रम विचारून घ्यावेत.