पेनसिल्व्हेनियाच्या डोंगररानातली हरणाची शिकार

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तरेला पॉटर, क्लिंटन, कॅमरन, एल्क असे डोंगराळ जिल्हे आहेत. भूगोलाच्या हिशेबाने हा सारा मुलूख अलेघेनी पठाराचा. ओढ्यांनी ते पठार इतके चिरून काढले आहे की दरीत उभ्या राहिलेल्या माणसाला चहूकडे डोंगरच दिसतात. माथे मात्र बहुतेक सपाट आणि जवळपास एकाच उंचीचे, साधारण सहा-सातशे मीटरचे. त्यामुळे नवखा माणूस इथे हमखास वाट चुकतो: प्रत्येक धार आधीच्या धारेसारखीच दिसते. वर ओक, बीच, मेपल आणि चेरीचे रान, ओढ्याकाठी हेमलॉकचे सदाहरित वृक्ष आणि उतारांवर माउंटन लॉरेलच्या झुडपांची दाट जाळी. या रानात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणे ही शंभर वर्षांहून जुनी शिक्षणपद्धतीच आहे. बापाकडून, आजोबाकडून किंवा शिकारी तळावरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडून ती पुढच्या पिढीकडे येते.

हे हरीण चितळ-सांबरांच्याच कुळातले. नराची शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात. संकट जाणवले की ते शेपूट उभारते, तिची पांढरी खालची बाजू झळकते आणि हरीण उड्या घेत निघून जाते. शिकाऊ शिकाऱ्याच्या पदरी पहिली काही वर्षे बहुतेक हेच दर्शन पडते.

आज राज्यात मुबलक असलेले हे जनावर 1900 च्या सुमारास इथून जवळजवळ संपले होते. मांस आणि कातडी शहरांत विकण्यासाठी बारमाही शिकार चाले, कुत्री सोडून हरणे पाण्यात घातली जात. त्याच काळात लाकूड कंपन्यांनी डोंगर बोडके केले. पाइन इमारतींसाठी गेला. हेमलॉकची साल कातडी कमावण्याच्या कारखान्यांना हवी होती, म्हणून तोही गेला. मागे राहिलेल्या फांद्यांच्या ढिगांना वणवे लागले आणि या भागाला लोक ‘पेनसिल्व्हेनियाचे वाळवंट’ म्हणू लागले.

राज्याचा शिकार आयोग 1895 मध्ये स्थापन झाला. 1906 मध्ये त्याने मिशिगन राज्यातून 50 हरणे आणून सोडली, 1907 मध्ये माद्या मारण्यावर बंदी आली आणि 1913 पासून राज्यातल्या रहिवाशांना शिकारीसाठी एक डॉलरचा परवाना घ्यावा लागू लागला. त्या पैशातून 1920 मध्ये एल्क जिल्ह्यात शिकारीसाठी पहिली सार्वजनिक जमीन खरेदी झाली. 1937 च्या केंद्रीय कायद्याने तर बंदुका आणि काडतुसांवरच्या कराची रक्कम थेट राज्यांच्या वन्यजीवखात्यांकडे वळवली. भारताने 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद करण्याचा मार्ग धरला. इथे शिकाऱ्याच्या खिशातून जनावर वाढवण्याची तजवीज झाली.

कायद्याला निसर्गाचीही साथ मिळाली. तोडलेल्या डोंगरांवर कोवळे फुटवे आले, तेही नेमके हरणाच्या तोंडाच्या उंचीवर. लांडगे आणि प्यूमा आधीच नाहीसे झाले होते. दोन दशकांत हरणे इतकी वाढली की 1928 मध्ये आयोगाला बिनशिंगी हरणांचा, म्हणजे मुख्यतः माद्यांचा, हंगाम जाहीर करावा लागला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. मादी मारणे पाप, ही समजूत तोवर घट्ट बसली होती. लोकांना ती आयोगानेच शिकवली होती, हे विशेष. भुकेल्या हरणांनी रानाचा तळ खाऊन फस्त केला. ओकची रोपे उरेनात आणि हरीण ज्याला तोंड लावत नाही अशा नेच्याचे गालिचे मैलोन्‌मैल पसरले. 2002 मध्ये आयोगाने दोन्ही टोके एकदम धरली. राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूच्या शिंगाला निदान तीन टोके असलेलाच नर मारायचा, असा नियम केला आणि माद्यांचे परवाने वाढवले. त्यावरचा वाद तळांवरच्या शेकोट्यांभोवती अजून पेटतो.

पहिला परवाना घेण्यापूर्वी शिकाऊ माणसाला सुरक्षिततेचा वर्ग पूर्ण करावा लागतो. वयाच्या अकराव्या वर्षापासून त्याला बसता येते. बंदुकीची नळी कुठे रोखलेली आहे याचे भान, गोळी हुकली तर कुठे जाईल याचा विचार आणि हलणारी वस्तू हरीणच आहे याची खात्री, हे तिथले मुख्य धडे. बंदुकीच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच भडक केशरी कापड अंगावर असावे लागते. माणसाला ते लांबून दिसते. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्याने त्याला केशरी रंग मातकट दिसतो. निळा मात्र त्याला उत्तम दिसतो, म्हणून शिकाऊ मुलाची जीन्स तळावरच उतरवली जाते.

खरे शिक्षण हंगामाच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बंदूक घरी ठेवून होते. पहिला विषय हरणाचे खाणे. मैदानी शेतीच्या भागात हरीण मक्याच्या किंवा सोयाबीनच्या शेतावर येते, त्यामुळे त्याची वाट ठरलेली असते. डोंगररानात शेत नाही. सगळी भिस्त झाडावरून पडणाऱ्या फळांवर, आणि तीही दरवर्षी सारखी येत नाहीत. एके काळी चेस्टनटचे झाड जवळपास दरवर्षी भरघोस फळे द्यायचे. पण 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती झाडे संपवली. उरले ओक आणि बीच. पांढऱ्या ओकचे फळ कमी तुरट, ते हरीण आधी शोधते; पण ते शरद ऋतूतच रुजू लागते. तांबड्या ओकचे फळ जास्त तुरट, ते वसंतापर्यंत रुजत नाही, त्यामुळे हिवाळ्यात पानाखाली उकरून खायला तेच उरते. म्हणून जाणता शिकारी आधी मान वर करून कोणत्या धारेवर कोणता ओक लागला आहे ते पाहतो. गेल्या वर्षी जिथे हरीण मिळाले तिथेच यंदा जाऊन बसणे हा नवशिक्यांचा सर्वांत चिवट दोष.

फळे नसतील तेव्हा हरीण डहाळ्या खाते आणि त्या डहाळ्यांवर सही ठेवून जाते. त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांत डहाळी धरून ते ती तोडते, त्यामुळे टोक फाटलेले, दोरे निघालेले दिसते. सशाने खाल्लेली डहाळी चाकूने तिरपी छाटल्यासारखी असते. गुडघ्याएवढ्या मेपलच्या रोपट्याचे टोक बोटात धरून पाहिले की कोण येऊन गेले ते कळते; तुटलेल्या जागी लाकूड अजून पांढरे, ओलसर असेल तर येणारा फार लांब गेलेला नाही.

दुसरा विषय बसण्याच्या जागा. हरीण दिवसाचा बराच काळ रवंथ करत बसते आणि ती जागा मोठ्या हिशेबाने निवडते. डोंगराच्या अगदी माथ्यावर नव्हे, तर थोडे खाली, एखाद्या माचीच्या काठावर किंवा सोंडेच्या टोकाशी. पाठीमागून वारा यावा आणि समोरचा उतार डोळ्यांना दिसावा, अशी ती बैठक. वाळलेल्या पानांत अंडाकृती खळगा दाबलेला असतो. अशा बैठकीपासून खाण्याच्या जागेपर्यंत जाताना हरीण उगाच चढउतार करत नाही. उताराला आडवे चालते आणि धार ओलांडायची तर खिंडीतून ओलांडते. समोच्च रेषांचा नकाशा वाचता आला तर या खिंडी आणि माच्या घरी बसूनही शोधता येतात.

नराच्या खुणा वेगळ्या. नोव्हेंबरच्या मध्याला तो ऐन माजावर असतो. लहान झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासून तो साल सोलतो, खुराने जमीन उकरतो, त्यावर मुततो आणि वर लोंबणारी डहाळी चाटून तिला आपला वास लावून ठेवतो. या खुणा पाहून नवशिका हरखतो. बंदुकीचा हंगाम मात्र थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस उघडतो. तोवर माजाचा भर ओसरलेला असतो आणि थकलेला नर पुन्हा पोटाच्या मागे लागलेला असतो. म्हणजे गाठ पुन्हा ओकाशीच.

तिसरा विषय वारा, आणि डोंगरात तो सर्वांत अवघड. हरीण डोळ्यांना कधीमधी फसते, नाकाला नाही. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून दरीत वाहते. ऊन लागून उतार तापला की तीच हवा वर चढू लागते. पूर्वेकडच्या उतारांवर हे आधी घडते. संध्याकाळी प्रवाह पुन्हा उलटतो. त्यामुळे पहाटे दरीच्या वर बसलेल्या शिकाऱ्याचा वास खालच्या हरणांपर्यंत पोचतो, आणि तीच जागा नऊ-दहा वाजता उत्तम ठरते. त्यात पश्चिमेचा वारा धार ओलांडून पलीकडे उतरताना भोवरे करतो. हे सारे डोळ्यांनी पाहण्यासाठी अनेक शिकारी रुईच्याच कुळातल्या मिल्कवीडची शेंग खिशात ठेवतात. तिच्यातली एक म्हातारी हवेत सोडली की ती पन्नास-शंभर पावलांवर कशी वळते, कुठे खाली बसते ते दिसते. आणि खालून वर येणाऱ्या हवेत ती अचानक शेंड्यांवर निघून जाते.

शिकारीच्या रीती तीन. मचाणावर किंवा बुंध्याशी बसून राहणे ही पहिली. आयोगाच्या जमिनीवर झाडाला खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून पट्ट्यांनी बांधायची मचाणे वापरतात. पडून होणारे अपघात बरेच असल्याने कमरेला आणि खांद्याला पट्टा बांधणे नवशिक्याला आधी शिकवतात. दुसरी रीत दबकत चालण्याची: दोन-तीन पावले, मग बराच वेळ स्तब्ध. उभ्या बुंध्यांच्या रानात पूर्ण हरीण शोधायचे नसते. पाठीची आडवी रेघ, हललेला कान, नाकाचा काळा ठिपका शोधायचा असतो. तिसरी रीत हाक्याची. काही जण लॉरेलची जाळी तुडवत येतात, काही खिंडीत दबा धरतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात बारा लाखांहून अधिक परवानेधारक होते, तेव्हा रानातली गर्दीच हरणांना हलवत असे. आता संख्या बरीच घटली आहे; बसून वाट पाहणाऱ्याला हरीण आपोआप कोणी आणून देत नाही.

बंदुकीवर तळांवर जितकी चर्चा होते तितके तिचे महत्त्व नाही. दाट रानात बार बहुतेक शंभर यार्डांच्या आत निघतो. 1894 ची विंचेस्टर आणि 1952 मध्ये आलेली रेमिंग्टनची पंप रायफल इथे पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. दुसरीची लोकप्रियता खास इथली, कारण पेनसिल्व्हेनियात हरणासाठी स्वयंभरण रायफलला परवानगी नाही. नेम आडव्या उभ्या हरणाच्या खांद्यामागे, फुप्फुसांवर धरायचा. गोळी लागूनही हरीण धावतेच. मग रक्त वाचावे लागते. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण जवळच पडले असणार. गडद असेल तर यकृत, काही तास थांबायचे. हिरवट द्रव आणि दुर्गंधी असेल तर आतडी, तेव्हा अर्धा दिवसही थांबावे लागते. घाईने मागे गेले तर जखमी जनावर उठून पुढच्या दरीत जाते आणि हाती लागत नाही. हा धडा तोंडी सांगून कोणालाच पटत नाही.

हरीण पडले की जागेवरच त्याला परवान्याची चिठ्ठी बांधायची आणि आतडी काढून मांस थंड होऊ द्यायचे. दहा दिवसांच्या आत आयोगाला कळवणे बंधनकारक असते. 2012 मध्ये राज्यात हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आढळला, तेव्हापासून बाधित टापूंतून डोके आणि कणा बाहेर नेण्यावर निर्बंध आले. हंगामात आयोगाची माणसे खाटकांच्या दुकानांत जाऊन हरणांचे जबडे उघडतात. खालच्या तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची, म्हणजे हरीण दीड वर्षाच्या आतबाहेरचे. दोनच असतील तर ते त्याहून मोठे. या नोंदींवरून कोणत्या विभागात किती आणि कोणत्या वयाची हरणे आहेत याचा अंदाज बांधतात, आणि त्यावर पुढच्या वर्षी माद्यांचे किती परवाने द्यायचे ते ठरते.