मोफत वकील म्हणजे सरकारी वकील नव्हे



मागे एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी मोठं कर्ज मागितलं. मुलाला सत्र न्यायालयात शिक्षा झाली होती. नागपूरला अपील करायचं, वकिलाची फी द्यायची, म्हणून कर्ज. आम्ही विचारलं, "कोर्टाकडून मोफत वकील मिळतो, तो का नाही घेत?" ताई म्हणाल्या, "सरकारी वकिलानंच तर त्याला आत पाठवलं. तोच आता सोडवील का?"

बैठकीत सगळ्या जणींना ते पटलं. खरं सांगायचं तर आमच्याजवळही लगेच उत्तर नव्हतं. आम्ही तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचारून आलो. तेच आज सांगतो.

सरकारी वकील सरकारच्या बाजूनं, म्हणजे आरोपीच्या विरोधात उभा असतो. कोर्ट किंवा विधी सेवा समिती जो वकील नेमून देते, तो आरोपीचा वकील. त्याची फी सरकार भरतं, पण बाजू त्यानं आरोपीचीच मांडायची. दोघं वेगळे.

हा हक्क कोणाच्या मेहेरबानीवर नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयात होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल येरवडा तुरुंगात पाठवली होती, पण ती कैद्याच्या हाती पडल्याची सही कुठेच नव्हती. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. त्याचं अपील मान्य झालं नाही, पण न्यायालयानं नियम घालून दिला: कैद्याला निकालाची नक्कल वेळेत आणि फुकट द्यायची, तिची पोच घ्यायची, आणि वकील करायची ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील द्यायचा.

आता हा वकील काय करायला बांधलेला आहे? सत्र न्यायालयातले सगळे कागद त्यानं वाचायचे: जबाब, उलटतपासणी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल. कैद्याशी बोलून त्याचं म्हणणं समजून घ्यायचं. अपील चालू आहे तोवर शिक्षा थांबवून जामीन मिळावा म्हणून अर्ज करता येतो, तो करायचा. तारखेला हजर राहायचं. निकाल लागला की तो सांगायचा, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा रस्ता आहे हेही सांगायचं. कैद्याकडून किंवा घरच्यांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

कोणी म्हणेल, गुन्हेगाराला एवढं कशाला? सातपुड्यापलीकडच्या खंडव्याचा खटला ऐका. 2013 मध्ये एका लहान मुलीच्या खुनाचा तो खटला होता. आरोपीला वकील दिला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. दोन आठवड्यांत फाशीची शिक्षा झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण वकिलाला तयारीला वेळच मिळाला नव्हता. खटला पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षांनी त्या मुलीच्या घरच्यांच्या पदरात काय पडलं? वकील नावापुरता असला की दोन्ही घरं पोळतात. तेव्हाच न्यायालयानं सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला किमान 10 वर्षांचा अनुभव हवा. फाशी कायम करायची की नाही असा प्रश्न उच्च न्यायालयापुढे असेल, तर तयारीला साधारण किमान 7 दिवस द्यायला हवेत.

आता आपलं काम. निकालाची तारीख लिहून ठेवा. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 60 दिवस, फाशी असेल तर 30. खालच्या कोर्टाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात 30 दिवस. मुदत गेली तरी घरी बसू नका, कारण दाखवून उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. तुरुंगातल्या माणसाला तिथल्या अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येतं. तुरुंगातल्या माणसाला आणि कोणत्याही बाईला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

वकिलाचं नाव आणि अपिलाचा नंबर मागून घ्या. वकील भेटत नसेल, पैसे मागत असेल, तर विधी सेवा समितीकडे लेखी तक्रार द्या, वकील बदलून मागा. 15100 या नंबरवर फोन करूनही मदत विचारता येते.

त्या ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. मुलानं तुरुंगातूनच मोफत वकिलासाठी अर्ज दिला. अपिलात काय होईल ते न्यायालय ठरवील. पण मंगळसूत्र गळ्यात आहे, आणि आता ताई मुलाला भेटायला जातात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, "वकील येऊन बोलला का तुझ्याशी?" हा प्रश्न तुम्हीही विचारा.