ताब्याचा हुकूम आणि आपला कागद
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात संस्थेच्या एका वकील सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "वकीलसाहेब, उपयोगाचं बोला, पण झोप येऊ देऊ नका." म्हणून एक आठवण सांगतो.

मी ज्युनिअर होतो. ताब्याचं वॉरंट घेऊन निघालेल्या बेलिफबरोबर एका घरी गेलो. दारात एक आजी. म्हणाल्या, "पैसे मोजलेत रे बाबा, दस्त रजिस्टर आहे." खरंच होतं. पण विकणाऱ्याने मूळ मालकाची खोटी सही करून जमीन आपल्या नावावर केली होती. मालकाच्या वारसांनी दावा लावला, तो चालू असतानाच आजींना घर विकलं गेलं. आम्ही वारसांकडून होतो. वॉरंट कायदेशीर होतं आणि आजीही प्रामाणिक होत्या. त्या दिवशी सामान बाहेर निघालं.

आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? विकणाऱ्याचा हक्कच नसेल तर आपल्या प्रामाणिकपणाने तो तयार होत नाही. आणि दावा चालू असताना जो विकत घेतो, त्याला निकाल बांधून असतो. नालासोपाऱ्यात बनावट कागदांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलं. तिथेही लोकांनी पैसे मोजलेलेच होते.

आता उलटा प्रश्न. हुकूम मिळवणाऱ्याचाच कागद खोटा असेल तर? एरवी बजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊन पुन्हा न्यायनिवाडा करत नाही. पण कोर्टालाच फसवून मिळवलेला हुकूमनामा शून्यवत असतो आणि तो कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर उघडा पाडता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केलं. त्या खटल्यात वादीने स्वतःच करून दिलेला हक्कसोड दस्त कोर्टापासून लपवला होता.

आणि तुम्ही दाव्यात पक्षकारच नसाल, तरी बेलिफ दारात आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ९७ ते १०१ प्रमाणे तुमचा स्वतंत्र हक्क त्याच कोर्टाने तपासून ठरवायचा असतो. त्यासाठी आधी घराबाहेर पडावं लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. फक्त हरकत कोर्टात घ्यायची. दाराला कुलूप लावून किंवा गर्दी जमवून नाही. आजींना मात्र हा मार्गही बंद होता, कारण खरेदी दावा चालू असतानाची होती.

नुसतं "फसवणूक झाली" म्हणूनही चालत नाही. कोणी, कधी, कोणता कागद, हे नेमकं मांडावं लागतं. खोटा दस्त रद्द करून घेण्याची मुदत साधारण ३ वर्षांची. फसवणूक कळल्यापासून किंवा थोडी दक्षता घेतली असती तर कळली असती तेव्हापासून ती मोजतात. म्हणजे झोपलेल्याला सवलत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. संस्थेला २५ वर्षं झाली, पण जमीन अजून आपल्या नावावर नाही. मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे, वेगळी मुदत ठरली नसेल तर, बिल्डरने संस्था नोंदल्यापासून ४ महिन्यांत कन्व्हेयन्स द्यायला हवं होतं. दिलं नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे. पण तोही मालकीच्या वादाचा शेवटचा निकाल नसतो, म्हणून आधी सर्च रिपोर्ट. ३० वर्षांचे दस्त, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड आणि कोर्टात दावा चालू आहे का, हे सगळं बघून घ्या. सातबारा म्हणजे मालकी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

खर्च येईल. जनरल बॉडीत कुरकुर होईल, मला माहीत आहे. लिफ्टच्या रंगावरून आपण दीड तास भांडलो होतो! पण हा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिला घ्या, एवढीच विनंती. कागद बघण्याचं काम मी फी न घेता करीन, चहा मात्र लागेल.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.