बोटाखालचा संगणक



सिन्नरच्या मतदान केंद्रात, विड्या वळून बोटे राठ झालेली एखादी मावशी निळी कळ दाबते, तेव्हा तिचा व्यवहार एका संगणकाशीच चाललेला असतो.

टंकफलक नाही, उंदीर नाही.
फक्त कळ.

या मतदान यंत्राला रूप देण्यात पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा आहे.

कळ दाबताच चिन्हाशेजारी तांबडा दिवा लागतो, आणि लांब ‘बीप’ वाजते;
डोळ्यांना खूण, कानांना ग्वाही.

कळीशेजारी ब्रेल अंक आहेत.
दृष्टिहीन मतदाराचे बोटच तिथे वाचते.

पुन्हा सांगतो:
इथे संगणक म्हणजे बोटाखालची कळ.

पुढे दिलेले मत दाखवणारी कागदी चिठ्ठी आली.
काचेआड ती 7 सेकंद दिसते;
चष्मा शोधणाऱ्या माझ्यासारख्याला ही मुदत अंमळ तोकडीच!