राजाची कृपा आणि माणसाचा हक्क

(बारडोली येथे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



ज्या भूमीवर आपण जमलो आहोत, तिने १९२८ साली ब्रिटिश सम्राटाच्या सरकारला एकच प्रश्न विचारला : हा २२ टक्के वाढीव सारा कोणत्या न्यायाने? जमिनी जप्त झाल्या, गुरेढोरे लिलावात गेली. शेतकरी नमला नाही. पुढे चौकशी होऊन ती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. राज्यकर्ता परका व अन्यायी होता, म्हणून येथे प्रश्न सोपा होता.

पण राजा आपला आणि सज्जन असला तर? शेजारच्याच बडोदे राज्याकडे पाहा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९०२ साली नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे हुकुमाने आले, ते हुकुमाने जाऊही शकत होते! सयाजीराव १९३९ साली निवर्तले, तेव्हा गादीवर कोण बसणार हे प्रजेला कोणी विचारले काय? दाता कितीही उदार असो, घेणाऱ्याचा हात खालीच राहतो. कृपेने माणूस वर चढतो; समान होत नाही. समतेला हक्क लागतो.

तो हक्क १९५० साली राज्यघटनेने दिला, आणि तिचे शिल्पकार होते बडोद्याचे तेच शिष्यवृत्तिधारक. बडोदे १९४९ साली विलीन झाले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही संपले.

मग राजेशाही संपली काय? याचेही उत्तर बारडोलीच देते. वाढीव सारा नाकारणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या शेतांत दुबळा समाजातील मजूर ‘हाळी’ म्हणून राबत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी बाप बांधला जाई आणि बापामागून मुलगाही. सम्राटापुढे ताठ उभा राहणारा धनी आपल्या अंगणात स्वतःच सम्राट होता!

मित्रहो, सिंहासन कायद्याने हलविता येते. ओसरीवरची गादी ज्याची त्यानेच उचलावी लागते. आपल्या दारी आलेला मजूर अजून पायरीखाली उभा राहत असेल, तर राजांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने आधी आपली पायरी पाहावी.