फोटोला पत्ता कधी द्यायचा, कधी काढायचा?



रविवारी आपण नगर परिसरातल्या जुन्या वास्तू आणि शिलालेखांचे फोटो काढायला जाणार आहोत. संध्याकाळी वस्तीतल्या बायकांच्या अडचणीही ऐकणार आहोत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासकार नाही. त्यामुळे एकाच गोष्टीवर बोलतो : फोटोसोबत जाणारी जागेची नोंद.

नगरजवळच्या शहा डोंगरावर तीन मजली अष्टकोनी वास्तू आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान दुसरा याची कबर आहे. 2024 मध्ये शहराचंही नाव बदलून अहिल्यानगर झालं. म्हणजे फोटोखाली नुसतं नाव लिहून भागत नाही. अक्षांश-रेखांश मात्र तेच राहतात. शेताच्या बांधावरच्या शिलालेखाला तर नावही नसतं. उद्या रस्त्याच्या कामात तो दगड हलला, तर मूळचा कुठे होता हे आपला फोटोच सांगेल.

फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू केलं की फोटोच्या फाइलमध्ये, एक्झिफ नावाच्या भागात, हे आकडे आपोआप लिहिले जातात. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. म्हणून वहीत टिपताना दशांश चिन्हानंतर निदान पाच आकडे लिहा. तिथे फरक साधारण एक मीटरचा असतो. तीनच लिहिले तर शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हाल. घुमटाखाली जीपीएस नीट चालत नाही, तेव्हा बाहेर मोकळ्यावर उभं राहून आकडे घ्या.

ज्यांच्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, त्यांनी फोनवर मार्ग नोंदवणारं ॲप चालू ठेवावं. ते जीपीएक्स फाइल बनवतं. नंतर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम फोटोची वेळ त्या मार्गाशी जुळवून जागा भरतो. पण घड्याळ जुळलेलं हवं. चालताना एका मिनिटाचा फरक पडला तर जागा सत्तर-ऐंशी मीटर सरकते. उपाय सोपा आहे : पहिला फोटो फोनवरच्या सेकंदकाट्याच्या घड्याळाचा काढा. फरक लगेच कळतो. शिवाय जीपीएक्समधली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तेही ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू. डिसेंबर 2012 मध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपून फिरत होते. व्हाइस मासिकाने त्यांचा फोटो वेबसाइटवर टाकला. त्यातल्या आकड्यांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. काही दिवसांतच त्यांना अटक झाली.

आपल्याकडे एखादी बाई विश्वासाने घरात बसवून नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलते. तिच्या फोटोतले आकडे म्हणजे तिच्या दाराचा पत्ता. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच पोचते. आणि फोटो स्पष्ट दिसावा म्हणून आपण नेमकं तेच करतो.

तेव्हा रविवारी वास्तूंपाशी लोकेशन चालू ठेवा. वस्तीत शिरण्याआधी ते बंद करा, आणि बंद केल्याचं त्या बाईलाही सांगा. तिच्या परवानगीशिवाय फोटो काढूच नका.